गव्हाण धुतलेली नाही

१२ ऑक्टोबर १९५७
उत्तर इंग्लंड

दादा,

वर नमस्कार लिहिला तर तू कागद चुलीत टाकशील, म्हणून लिहीत नाही. सात वर्षांत तुला नागपूरच्या जेलमध्ये अकरा पत्रं पाठवली आणि अकराही परत आली. हे बारावं. हे जेलात नाही, घरी सौंदडला पाठवतोय, कारण घरी ते उघडणारा हात धुरपतावहिनींचा असेल. तुला वाचता येत नाही. वहिनींना ओसरीवर पाटी घेऊन मीच शिकवलं होतं आणि तू बैलाला वैरण टाकता टाकता हसायचास. "बायकोले मास्तरीन करून राहिला का रे यादो?" आता तीच मास्तरीण तुला धाकट्या भावाचं पत्र वाचून दाखवेल. वहिनी, मोठ्याने वाचा. मध्ये थांबलात तर हा उठून जाईल.

उदारामने कळवलं की दिवाळीत तुला सोडणार. आपला चुलतभाऊ म्हणजे पोटात काही न ठेवणारा माणूस, त्याने पुढचंही लिहिलं आहे. "दादानं जेलातून निरोप धाडला, कुऱ्हाड पाजळून ठेव म्हन्ते. आल्यावर नवेगावले जाऊन मंगलीचा हिशेब करतो म्हन्ते."

नवेगाव बांधला मंगली राहते. तळ्यावर मासे धरते, रानात तेंदूपत्ता तोडते आणि पोट भरते. आपल्या मंगरूची बायको. मंगरू आपल्या घरी नऊ वर्षं सालदार होता, तुझ्या ताटातली भाजी त्याच्या ताटात गेली आहे. तू त्याला मारून टाकलंस. त्याची सजा भोगलीस. आता त्याच्या बायकोने काय घोडं मारलं?

मला माहीत आहे तू काय म्हणशील. नवरा-बायको दोघांनी मिळून करणी केली, त्यात तुझी पोर चमेली गेली, बैल गेले. एकाचा निकाल लागला, दुसरी बाकी आहे. दादा, मंगरूने काही केलं नव्हतं. मंगलीने तर नाहीच. हे मला कसं माहीत, ते आज विचारू नकोस. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, एवढ्यावर विश्वास ठेव आणि नवेगावला जाऊ नकोस. माझं एवढंच मागणं आहे.

परवा इथं आग लागली. मी जिथे शिकायला आलोय तिथे एक भट्टी आहे. तिचं नाव लिहायची मला परवानगी नाही, पण मराठी वाचणारा शिपाई या लोकांकडे नाही म्हणून बाकीचं लिहितो. काळ्या दगडांची मोठी रास आहे, आपल्या राइस मिलपेक्षा उंच. तिला हजारो भोकं आणि भोकाभोकात युरेनियम धातूच्या सळ्या, प्रत्येकीवर दुसऱ्या धातूचं कवच. या सळ्यांमध्ये कण फुटतात, उष्णता निघते, आणि फुटलेल्या कणांतून नवेच विषारी पदार्थ तयार होऊन कवचात कोंडून बसतात. कवच शाबूत तोवर सगळं शाबूत.

परवा कवचं फुटली आणि सळ्या खऱ्याखुऱ्या पेटल्या. माणसं लोखंडी दांड्यांनी त्या ढोसून पलीकडे पाडत होती. दांडे लाल होऊन, टोकाला वितळलेला धातू ठिबकत बाहेर यायचे. शेवटी पाणी सोडायचं ठरलं. पाण्याने विझेल की सगळंच उडेल, हे कोणाला सांगता येत नव्हतं. शेवटी साहेबाने नळ उघडा म्हटलं. विझली. लोकांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. मी लांब उभा होतो आणि मला तिथेच उलटी झाली. सगळ्यांना वाटलं हा हिंदुस्थानी भ्याला.

भ्यालो होतो, पण आगीला नाही. धूर चिमणीतून निघून गेला म्हणून ही माणसं खूश होती. मीही एकदा अशीच पाठ थोपटून घेतली होती.

जाऊ नकोस.

यादोराव

२१ ऑक्टोबर १९५७
उत्तर इंग्लंड

दादा,

उद्या-परवा दिवाळी. म्हणजे तू एव्हाना घरी असशील, अंगणात बाजेवर बसला असशील आणि माझं आधीचं पत्र ऐकून "लय शाना झाला" म्हणाला असशील. असू दे. शहाणाच आहे मी. गावातला पहिला बी.एस्सी. माझ्यासाठी आबांनी हलगी वाजवली होती, आठवतं?

गेला आठवडा मी गवत आणि दूध गोळा करतो आहे. दूध! मोटारीतून गोठ्यागोठ्यात जायचं, बाटली भरायची, चिठ्ठी चिकटवायची, प्रयोगशाळेत आणून तपासायचं. तपासून झालं की सरकारी माणूस जातो आणि त्या घरचं सगळं दूध नाल्यात ओतायला लावतो. मैलोन्‌मैल नाले पांढरे वाहताहेत. एका म्हाताऱ्या गवळ्याने मला विचारलं, दुधात वाईट काय आहे ते दाखव. दिसत नाही म्हटलं. वास? नाही. चव? नाही. मग त्याने भरलेली बादली माझ्या तोंडावर रिकामी केली आणि तीच बादली माझ्या कानशिलावर हाणली. चार टाके पडले. मी तक्रार केली नाही. त्याचं चुकलं असं मला वाटलंच नाही.

तुला सांगतो काय झालंय. ऐक, कंटाळू नकोस, यातच सगळं आहे.

भट्टी बेसुमार तापते तेव्हा आतलं सगळंच बाहेर येत नाही. काही पदार्थ जड आणि चिवट असतात, सळी वितळली तरी राखेत पडून राहतात. काहींना मात्र नुसती ऊब पुरते. त्यांची वाफ होते आणि ते पहिले निघतात. त्यांत आयोडीन नावाचा एक पदार्थ आहे. जखमेला लावायचं ते तांबडं औषध असतं ना, त्यातलंच, पण हे भट्टीत जन्मलेलं, अंगातून किरण फेकणारं. चिमणीच्या डोक्यावर या लोकांनी मोठ्या चाळण्या बसवल्या होत्या. चाळणी धूळ धरते, वाफ धरत नाही. थोडं आयोडीन धुळीला चिकटून अडकलं, बाकीचं वाऱ्यावर गेलं. वाफेला काहीतरी थंड लागतं बसायला. इथलं गवत बारा महिने ओलं. तिथे ते बसलं. गाय दिवसभर केवढं रान चरते! सगळ्या रानावर विखुरलेलं विष ती एका कासेत गोळा करते. दोन दिवसांत ते दुधात उतरतं. ते दूध लेकराने प्यायलं की लेकराच्या गळ्यातली एक गाठ ते सगळं ओढून घेते. त्या गाठीला आयोडीन लागतंच, त्यातलं चांगलं कुठलं, वाईट कुठलं, ते तिला कळत नाही.

मी त्या दुधातून ते वेगळं काढतो. चांदीचं पाणी टाकलं की पिवळा साका बसतो. अगदी थोडा, बाटलीच्या बुडाशी. पिवळा रंग पाहिला की माझे हात थांबतात. बरोबरची पोरं विचारतात, काय झालं? काही नाही म्हणतो.

आता तू म्हणशील, हे मला कायले सांगून राहिला?

दादा, तुला मारबतीचा दिवस आठवतो का? मला रोज आठवतो. पोळ्याचा दुसरा दिवस. गावभर पोरं सकाळी मारबतीचा कागदी पुतळा घेऊन ओरडत निघालेली, रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणत, आणि आपल्या अंगणात चमेली कांबळ्यावर निजवलेली. चार वर्षांची पोर. रात्रीतून एवढीशी झाली होती. कोठ्यात चांद्या आणि लाल्या, दोन्ही बैल, पाय ताठ करून पडलेले. तू रडला नाहीस. तू गोठ्याच्या दारात उभा राहून एकच म्हणालास, "मंगऱ्याले आधीच कसं माहीत होतं?"

तेवढंच वाक्य पुरलं. मंगरू मागच्या अंगणात चमेलीच्या तिरडीसाठी बांबू चिरत होता. तू त्याला केसांना धरून ओढत नेलंस. मारबतीच्या मागे, सगळ्या गावासमोर, शिवेवरच्या पळसापर्यंत. तो ओरडत नव्हता. फक्त म्हणत होता, "मालक, मी तं सांगतलं होतं, मी तं सांगतलं होतं." पहिला दांडा तू घातलास, जबड्यावर. त्यानंतर त्याचं म्हणणं कोणाला कळण्यासारखं राहिलं नाही. मग ज्याच्या हातात जे होतं त्याने त्याने मारलं. दगड, जोखड, बैलबंडीची उभारी. कपाळ फुटून डोळा बाहेर आला तरी मारत होते. केशोराव पाटलासारखा माणूस चप्पल काढून मारत होता. मंगली मध्ये पडली तर तिला लाथांनी बाजूला केलं. शेवटी मारबत त्याच्याच अंगावर टाकून पेटवली. पावसाने कागद ओला होता, पेट घेईना, तर कोणी रॉकेल आणलं.

मी दहा हातांवर उभा होतो. मी मारलं नाही. अडवलंही नाही.

भंडाऱ्याच्या कोर्टात मी सांगितलं, पहिला दांडा माझ्या भावाने घातला. गाव फितूर झालं, मी नाही झालो. तुला दहा वर्षं झाली, माफी मिळून सात. तू पिंजऱ्यातून माझ्याकडे पाहून थुंकलास. मला तेव्हा वाटलं, मी खऱ्याची बाजू घेतली. खरं बोलणाऱ्या माणसाला आणखी काही कोणी विचारत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

जे लिहायचं ते अजून मी लिहिलेलं नाही. लिहायला बसलो होतो. चार कागद फाडले. पुढच्या पत्रात नक्की लिहीन. तोवर हात जोडतो, नवेगावच्या वाटेला जाऊ नकोस.

यादोराव

९ नोव्हेंबर १९५७

दादा,

उदारामचं पत्र आज आलं. तू सुटल्यावर आठव्याच दिवशी गेलास.

त्याने सगळं लिहिलं आहे. मंगली तळ्याच्या पाळीवर जाळं वाळवत होती. तू कुऱ्हाड उगारलीस तेव्हा तिने हात वर केला आणि हात मनगटापासून गेला. दुसरा घाव घालणार, तोवर तळ्यावर मासे धरणाऱ्या ढीमर लोकांनी तुला वल्ह्यांनी झोडपून खाली पाडलं. दोन बरगड्या मोडल्या तुझ्या. तिने पोलिसाला सांगितलं, लाकूड फोडताना तुटला. असं का सांगितलं, ते उदारामला कळलं नाही. मला थोडं कळतं. गेल्या वेळी पोलीस आले, कोर्ट झालं, तरी तिचा मंगरू करणीवालाच राहिला.

माझं दुसरं पत्र तू निघण्याच्या आदल्या दिवशी पोचलं, असंही त्याने लिहिलं आहे. त्यात मी लिहिलं असतं तर तो हात तिच्या अंगावर असता. चार कागद फाडले म्हणून मी केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं! दादा, कुऱ्हाड तुझी, पण तो हात मी तोडला.

आता लिहितो. वहिनी, तुम्ही हे वाचत आहात हे मला ठाऊक आहे. तुमच्याच तोंडून हे बाहेर पडणार आहे, याच्याइतकं वाईट मी तुमचं आयुष्यात काही केलं नसतं, जर ते दुसरं केलं नसतं. थांबू नका. एका दमात वाचा.

चमेलीला मी मारलं. बैलांना मी मारलं.

त्या साली पोळ्याआधी कोठ्यात गोचीड झाले होते. मंगरू निंबाचा पाला जाळू म्हणत होता. मी म्हटलं, हे अडाण्यांचे उपाय, मी शास्त्रशुद्ध करतो. गोंदियाला गेलो, गंधक मागितलं. पंसारी दुकानदार म्हणाला, "अकेले गंधक से क्या होगा बाबूजी, पीली हरताल मिलाओ, कीड़े का नामोनिशान नहीं रहेगा." हरताळ म्हणजे काय ते मला माहीत होतं. सोमल हे जहर आणि गंधक यांचं लग्न लागलेलं असतं तिच्यात. जाळली की सोमल मोकळा होतो, वाफ होऊन उठतो. परीक्षेत मी हे लिहिलं होतं, दहापैकी नऊ मिळाले होते. पुडी घेताना मला वाटलं, ढोरं बाहेर असणार, दार लावून धुरी देऊ, दुसऱ्या दिवशी दार उघडू, धूर जाईल. धूर गेला की विष गेलं.

एवढीच चूक. वाफ कुठे जाते याचा मी विचार केला नाही. ती जात नाही, दादा. ती पहिल्या थंड वस्तूवर बसते. श्रावणातला पाऊस, छपराचे कवेलू ओले, गव्हाणीचा दगड ओला, वर माळ्यावर रचलेली धानाची तणस गार. सगळं विष तिथे बसलं, पांढऱ्या पिठासारखं. आणि पोळा म्हणून तू दोन दिवस आधीच कोठा चुन्याने पांढरा करून घेतला होतास. पांढऱ्यावर पांढरं कोणाला दिसणार?

दिसलं नाही, पण वास आला. सोमल निखाऱ्यावर पडला की लसणाचा वास येतो. दार उघडलं तेव्हा तो वास माझ्या नाकात शिरला आणि मी ओळखला. तेवढ्यात मंगरू आला, दारात थबकला. म्हणाला, "बाबू, कोठ्यात लसनाचा वास येऊन राहिला. घरात तं लसून सोलला नाही कोनी. हा वास बरा नाही. आज ढोरं बाहीर बांधू."

वहिनी, तुम्ही ओसरीवर होतात, दादा, तूही होतास. तुम्ही दोघांनी माझ्याकडे पाहिलंत, कारण घरातला शहाणा मी. हो म्हटलं असतं तर सांगावं लागलं असतं की मी चुकलो, आणि सालदार बरोबर आहे. मी हसलो. म्हटलं, "मंगरू, तुझ्या देवानं फोडणी दिली असन." तुम्ही सगळे हसलात. तोही हसला बिचारा.

संध्याकाळी तू बैलांचे खांदे शेकलेस. लोणी-हळद लावून, पळसाच्या पानाने, आपल्या रीतीने त्यांच्या कानात म्हणालास, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मग त्यांना कोठ्यात बांधलंस आणि माळ्यावरची तणस गव्हाणीत ओढलीस. मी खाटेवर बसून ते पाहत होतो. मनाशी म्हणालो, फार नसेल, काही होणार नाही.

सकाळी लाल्याच्या तोंडाला लाळ होती. सणाची घाई, कोणी लक्ष दिलं नाही. दुपारी वहिनींनी पुरणपोळ्या गव्हाणीत ठेवल्या, आणि चमेली गव्हाणीच्या काठावर बसून म्हणाली, मी चांद्याबरोबर जेवणार. एक घास त्याला, एक तिला. तुम्ही दोघं कौतुकाने पाहत होतात. इथल्या लेकरांना विष दुधातून मिळतं. तिला दुधातून नाही मिळालं, ती सरळ गव्हाणीतून जेवली.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. तिने पाणी पाणी केलं, आणि प्यायलेलं सगळं बाहेर पडलं. मी तिच्या पायथ्याशी बसलो होतो. मला तेव्हा नेमकं माहीत होतं काय झालंय, आणि मी सांगितलं नाही. वैद्याला सांगितलं असतं तर वाचली असती का? बहुतेक नाही. हे "बहुतेक" मी सात वर्षं चघळतो आहे.

सकाळी तू विचारलंस, मंगऱ्याला आधीच कसं माहीत होतं? दादा, त्याला नाक होतं, म्हणून. मला त्याच्याआधी माहीत होतं. त्याने जीव वाचवायला जे सांगितलं त्याचाच तुम्ही पुरावा केलात, आणि तो पुरावा खोडणारा एकच माणूस दहा हातांवर उभा होता.

मी भेकड आहे. याहून मोठा शब्द शोधला, सापडला नाही.

हे पत्र मंगलीला वाचून दाखवा. तिने सांगितलं तर गावाला, पोलिसाला, कोर्टाला. सहीनिशी लिहिलं आहे.

यादोराव

३० जानेवारी १९५८

वहिनी,

उत्तर नाही. उदारामही गप्प आहे. पत्र पोचलं का एवढंच कळवा. शिव्या लिहा, कोरा कागद पाठवा. इथे महिन्या-सव्वा महिन्यातच दूध पुन्हा प्यायला लागले लोक. ज्या गवळ्याने मला बादली हाणली त्याने परवा रस्त्यात थांबवून लोण्याचा गोळा दिला. मला तो खाता आला नाही.

यादोराव

९ सप्टेंबर १९५८
मुंबई

दादा, वहिनी,

तुमचं पोस्टकार्ड जुलैत मिळालं. नोकरी सोडली आणि मिळेल त्या बोटीने निघालो. काल उतरलो. कार्ड खिशात आहे. वहिनी, तुमचं अक्षर अजून तसंच, मी शिकवलं तसं, प्रत्येक ओळ खाली घसरत जाणारी. तुम्ही लिहिलंय ते मी शंभरदा वाचलं आहे, तरी इथे पुन्हा लिहितो, म्हणजे मला नीट कळलंय हे तुम्हाला कळेल.

"तुमचं पत्र वाचलं. चमेलीच्या नावापाशी मी थांबली. हे म्हनले, वाच. वाचलं. हे दोन महिने कोनाशी बोलले नाही. मंग बरगड्या भरल्यावर बंडी जुंपली आन मले घेऊन नवेगावले गेले. मंगलीच्या दारात मी पुरं वाचलं. यायनं कुऱ्हाड तिच्या पायापाशी ठेवली, म्हनले, घाल. ती म्हनली, एका हातानं कशी घालू? मंग म्हनली, कागदाले तोंड नसते. त्यानं इथं येऊन आपल्या तोंडानं सांगावं, साऱ्या गावासमोर, जिथं माह्या मानसाले मारलं तिथं. मी आयकीन. तो कोठा तवापासून बंद हाय, मीच कोनाले जाऊ दिलं नाही. हे म्हनतेत, यादोले लिहून दे. गव्हाण धुतली नाही. आज आवतन घे, पोळ्याले जेवाले ये."

दादा, आवतन पोचलं.

तू जेवायला म्हणजे काय वाढणार आहेस, आणि कुठल्या गव्हाणीतून, ते मला समजलं आहे. तुला शास्त्र येत नाही म्हणून सांगतो. तिथल्या भट्टीतून उडालेलं ते आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, आणखी आठ दिवसांत त्याच्या निम्मं. गवळ्यांनी तेवढा धीर धरला आणि त्यांची लेकरं पुन्हा दूध पिऊ लागली. सोमलाला अशी मुदत नसते. कोरड्या, बंद कोठ्यात दगडावर बसलेला सोमल आठ वर्षांनी जितकाच्या तितकाच असतो. म्हणून आधीच बजावतो, माझ्याशिवाय कोणी त्या गव्हाणीला हात लावू नका. वहिनी, तुम्हीसुद्धा नाही. झाडायला म्हणूनही आत जाऊ नका. ढोरं, कोंबड्या लांब ठेवा.

माझ्या जबाबाची एक प्रत भंडाऱ्याच्या कोर्टाला आजच टपालात टाकली. त्यात मंगरूचं नाव पहिल्या ओळीत आहे आणि करणी हा शब्द कुठेही नाही.

पोळ्याच्या सकाळी छोट्या गाडीने सौंदडला उतरतो. स्टेशनवर माणसं पाठवू नकोस, मला धरून आणावं लागणार नाही. घरी येणार नाही. सरळ शिवेवरच्या पळसाखाली जाऊन उभा राहीन. केशोराव पाटलाला आणि त्या दिवशी ज्यांच्या हातात काही ना काही होतं त्या सगळ्यांना बोलाव. मंगलीसाठी नवेगावला बंडी पाठव, तिला पायी चालायला लावू नकोस. तिला सगळ्यांच्या पुढे बसव.

भीती वाटते. खोटं कशाला सांगू? मुंबईच्या या खोलीत दार वाजलं तरी कडी काढण्याआधी कोण म्हणून तीनदा विचारतो. पण तुझं आवतन मी नाकारणार नाही. फक्त एक कर, दादा. आधी मला मंगलीसमोर बोलू दे. मग जेवायला बसतो.

यादोराव